आजींना चार वेळा विचारलेला एकच प्रश्न

एका सकाळी एकाच आजींना चौघांनी पाळीपाळीने ‘तुम्हाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं, की समजावं, टीम अजून जमलेली नाही. चौघंही आपापलं काम चोख करत असतात. मेडिकलचा मुलगा हिस्टरी घेतो, नर्सिंगची मुलगी तिच्या फॉर्ममधला रकाना भरते, फार्मसीवाला औषधांची यादी करतो, फिजिओवाली व्यायामाआधी खबरदारी म्हणून विचारते. चौथ्या वेळी आजी कंटाळून ‘नाही हो’ म्हणतात. मागे एका गोळीने अंगावर उठलेल्या गांध्या त्यांनी पहिल्याला सांगितलेल्या असतात, पण त्या फक्त त्याच्याच कागदावर राहतात.

गावातल्या पोस्टिंगला आम्ही आधी विद्यार्थी म्हणून गेलो, नंतर विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. सहा आठवडे, सहा विद्याशाखांचे सहा जण (मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि समाजकार्य), एक छोटं आरोग्य केंद्र आणि एक गाडी, असा साधारण हिशेब धरून पुढचं लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात अशा आंतरव्यावसायिक शिक्षणाची व्याख्या आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात. यातलं ‘सोबत’ सोपं, एका खोलीत बसवलं की झालं. ‘बद्दल’ एका व्याख्यानात उरकतं. घोडं अडतं ते ‘कडून’पाशी. स्वीडनमधल्या लिंशोपिंगला १९९६ मध्ये वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून चालवायचा वॉर्ड सुरू झाला, तो याचसाठी. मोठ्या रुग्णालयात मात्र एक पळवाट कायम उघडी असते: चिठ्ठी लिहायची, दुसऱ्या विभागात पाठवायची आणि विसरायचं. गावात चिठ्ठी पाठवायला दुसरा विभागच नसतो. फिजिओथेरपिस्ट ठरावीक दिवशीच येणार असेल, तर पेशंटला खुर्चीतून सुरक्षित कसं उठवायचं हे नर्सिंगच्या मुलीला आजच शिकून घ्यावं लागतं.

निघण्याआधीची खटपट कंटाळवाणी असते, पण बहुतेक पोस्टिंग तिथेच बिघडतात. सहा शाखांची सहा वेळापत्रकं, त्यात कुणाची परीक्षा तिसऱ्या आठवड्यात, कुणी दुसऱ्या सोमवारी येऊन पोचणार. सगळ्यांचे निदान चार आठवडे एकत्र पडत नसतील, तर बॅच रद्द करून पुढची धरावी. दोन आठवड्यांत ओळख होते, टीम होत नाही. लसीकरणाच्या नोंदी, ओळखपत्रं, विमा, गोपनीयतेचं हमीपत्र हे सगळं आधीच पुरं करून घ्यावं. पहिले दोन दिवस कागदांत गेले, की ज्याचे कागद अपुरे तो केंद्राबाहेरच्या बाकावर बसून राहतो आणि बाकीचे त्याच्याशिवाय काम बसवून टाकतात.

आणखी एक कागद प्रत्येकाने आधी भरायचा. त्यात तीन रकाने: मी स्वतः करू शकतो, देखरेखीखाली करू शकतो, अजिबात करायचं नाही. तो भरून झाला की शेजाऱ्याच्या शाखेसाठी तोच कागद अंदाजाने भरायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. यात मजा येते. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, असं धरून चाललेल्यांना कळतं की छातीतला कफ मोकळा करण्याचे व्यायामही त्यांच्याच हातात असतात. फार्मसीवाला गोळ्या मोजून देतो, एवढीच समजूत असते. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की कुठल्या औषधाचा डोस कमी करायचा, हे त्याला तोंडपाठ असतं, हे मेडिकलवाल्याला पहिल्यांदाच समजतं. ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं पेशंटला स्वतः करता यावीत हे बघणाऱ्या शाखेचा, रकाना तर जवळपास सगळे कोराच ठेवतात.

पहिला आठवडा हात खिशात ठेवून काढायचा. रोज अर्धा दिवस दुसऱ्या कुणाच्या मागे उभं राहायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या: त्याने काय पाहिलं जे मला दिसलं नसतं, त्याने कुणाला काय सांगितलं, आणि त्याचं काम कुठे अडलं. यात केसपेपर काढणारे क्लार्क, लॅबमधले टेक्निशियन आणि गाडीचे चालक यांची पाळी चुकवू नये. कोण दोन महिन्यांत फिरकलेलं नाही, हे क्लार्कला रजिस्टर न उघडता माहीत असतं. पावसात कुठल्या वस्तीचा रस्ता बंद होतो, हे चालकाला ठाऊक असतं. विद्यार्थी त्यांच्याकडे जातात ते बहुधा फक्त चावी मागायला.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी दहा मिनिटांची उभ्याने बैठक. खुर्च्या घेतल्या की दहाची पंचवीस मिनिटं होतात. प्रश्न चारच: आज कुणाकडे जायचं, कालचं काय राहिलं, कुणाला कुणाची मदत लागणार, आणि आज कशाची भीती वाटते. शेवटचा प्रश्न वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळ्यात कामाचा तोच निघतो. ‘इन्सुलिन टोचायला शिकवायचंय, पण मी स्वतः दोनदाच केलंय,’ हे एरवी कुणी कबूल करत नाही. बैठक चालवणारा रोज बदलायचा. तरीही आठवडाभरात सगळ्यांच्या नजरा मेडिकलच्या विद्यार्थ्याकडे वळू लागतात, आणि तोही बिचारा उत्तर येत असो वा नसो, देतो. यावर एकच उपाय चालताना पाहिला: त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. नियम म्हणून लिहून ठेवावा लागतो, नुसत्या समजूतदारपणावर तो टिकत नाही.

खरी परीक्षा गृहभेटीत. एका घरात तिघांपेक्षा जास्त जण जाऊ नयेत, फार तर चार. सहा जण दारात उभे राहिले की घरातली माणसं खुर्च्या शोधायला धावतात आणि पेशंट पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतो. एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी बघायचं. विचारणारा कोण हे गाडीतून उतरण्याआधी ठरलेलं हवं. पिशवीत दोन मापांच्या कफसह (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्या) बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तळपायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा), मोजपट्टी, स्टॉपवॉच, टॉर्च आणि सुया टाकायचा पंक्चर न होणारा डबा. शुगरच्या पट्ट्यांची मुदत आणि बाटलीचं झाकण निघतानाच तपासावं. उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या पट्ट्या ओलाव्याने चुकीचे आकडे दाखवतात, आणि मग दिवसभर सगळे त्या आकड्याचा अर्थ लावत बसतात.

नमुन्यादाखल एक भेट घेऊ. ती आम्ही अनेक भेटी मिळून रचली आहे, पण तिच्यातला गुंता नेहमी भेटणारा आहे. सत्तरीच्या आजी, बीपी आणि मधुमेह, महिन्यात दोनदा पडल्या. नर्सिंगची मुलगी त्यांना आडवं व्हायला सांगते आणि पाच मिनिटं काहीच करत नाही. हे ‘काहीच न करणं’ नवख्यांना जमत नाही. बीपी आधी पाच मिनिटं स्वस्थ पडून मग मोजायचं, बोलत बोलत मोजलं तर आकडा वर जातो. तेवढ्या वेळात फार्मसीवाला घरातल्या सगळ्या गोळ्या मागून घेतो. ‘कुठल्या गोळ्या घेता?’ असा प्रश्न तो विचारत नाही. ‘घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या दाखवाल का?’ असं म्हणतो. उशाखालच्या, कपाटातल्या, जुन्या डब्यातल्या पाकिटांचा ढीग समोर येतो. झोपून बीपी १४६, उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला १२२, तिसऱ्या मिनिटाला १२०. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, की ती उभं राहताना होणारी घसरण धरतात. इथे ती २६ आहे.

मग फिजिओवाली हात असलेल्या खुर्चीपासून ३ मीटर मोजून जमिनीवर खूण करते. उठायचं, खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आजींना १८ सेकंद लागतात. १२ किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून चालायचं. वळताना त्या भिंत चाचपडतात, हे स्टॉपवॉचमध्ये येत नाही, म्हणून बघणाऱ्याने लिहायचं. पायांची तपासणी करताना मोनोफिलामेंट नुसता टेकवून भागत नाही, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि घट्ट्यावर लावायचा नाही. आधी तो हातावर लावून ‘असं वाटेल’ हे दाखवायचं, मग आजींना डोळे मिटायला सांगायचं. ‘आता लागलं का?’ असं दर वेळी विचारलं तर ‘हो’ आपोआप येतं. त्यामुळे मधे एकदा न लावताच विचारावं लागतं. घोट्यापाशी बोटाने दाबलं तर खड्डा पडतो, पाय सुजलेले आहेत. ऑक्युपेशनल थेरपीची मुलगी एव्हाना पलंगापासून शौचालयापर्यंत स्वतः चालून आलेली असते: अकरा पावलं, मधे उंच उंबरठा, दिव्याचं बटण दाराच्या पलीकडे.

चार जणांचे चार तुकडे झाले. प्रत्येकजण आपल्या तुकड्यावर इलाज सुचवून मोकळा होऊ शकतो: पायांचे व्यायाम, दिव्याची सोय, बीपीची नोंद, गोळ्यांचा डबा. बहुतेक टीम इथेच थांबतात आणि अहवाल भरगच्च दिसतो. पण फार्मसीवाल्याने पाकिटं शेजारी शेजारी मांडली की दिसतं: एका गोळीत टेल्मिसार्टनबरोबर ॲम्लोडिपिन आहे (दोन्ही बीपीची औषधं), आणि दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या वेगळ्या नावाच्या गोळीतही ॲम्लोडिपिनच आहे. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, डोस वाढला की जास्त. सूज दिसली म्हणून कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली. ती आजी संध्याकाळी घेतात, म्हणून रात्री दोन-तीनदा उठतात. उठलं की बीपी घसरतं, अंधारात उंबरठा लागतो. मग ऑक्युपेशनल थेरपीची मुलगी विचारते, ‘आजी, पडलात तेव्हा किती वाजले होते?’ दोन्ही वेळा पहाटेच्या आधी. अख्खी साखळी हातात येते. यातली एकही कडी दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला एकट्याने सापडली नसती. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात.

आता आवरायचं असतं. विद्यार्थ्याने तिथल्या तिथे कुठलीही गोळी बंद करायला सांगायची नाही. बीपीच्या गोळीच्या बाबतीत तर नाहीच. मात्र त्याच दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन जायला हवा, आणि तो ज्याने मोजमाप घेतलं त्याने करावा. त्यासाठी एसबार हा साचा वापरतात. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे रुग्णालयांत आली: परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी शिफारस. बोलायला मिनिट पुरतं:

‘सर, मी नर्सिंगची विद्यार्थिनी, गृहभेटीवरून बोलतेय. आजी महिन्यात दोनदा पडल्या आहेत आणि उभं राहिल्यावर बीपी २६ ने उतरतंय. बीपी आणि मधुमेह जुना आहे, दोन ठिकाणची औषधं चालू आहेत, त्यात ॲम्लोडिपिन दोनदा येतंय आणि लघवीची गोळी संध्याकाळी घेतात. आमचा अंदाज असा की पडण्याशी याचा संबंध आहे. आज संध्याकाळच्या गोळीच्या आधी तुम्ही औषधं बघावीत. पाकिटं घेऊन त्यांना केंद्रात आणू, की तुम्ही येताय?’

विद्यार्थी पहिले तीन भाग बरे सांगतात आणि चौथ्याला कचरतात. ‘तेवढं जरा बघा ना सर,’ ही शिफारस नव्हे. काय हवं आणि किती वाजेपर्यंत, हे त्यात यायला हवं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते फोनवरच परत म्हणून दाखवायचं. ‘सकाळची’ आणि ‘संध्याकाळची’ या दोन शब्दांची अदलाबदल वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. आणि आजींना बदल समजावून झाल्यावर ‘समजलं ना?’ असं विचारू नये. ‘आम्ही नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, उद्यापासून कुठली गोळी कधी घ्याल ते आम्हाला सांगा,’ असं म्हणावं. उठतानाची रीत, म्हणजे आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय थोडे हलवायचे, मग उभं राहायचं, हीसुद्धा करून दाखवायला सांगावी.

भेटीनंतर सहा अहवाल लिहायचे नाहीत. पेशंटमागे एकच पान. त्यावर अडचणी, प्रत्येकीसमोर एकच नाव, तारीख, आणि ‘नाही झालं तर काय’ हा रकाना. पाचापेक्षा जास्त अडचणी लिहू नयेत, सहावी दिसली तर आधीची एक संपवावी. एका कामासमोर दोन नावं लिहिली की ते काम कुणाचंच राहत नाही. सुरुवातीला चार वेळा विचारलेल्या ॲलर्जीची नोंद पानाच्या अगदी वर, लाल शाईने, एकदाच. सात दिवसांनी त्याच पद्धतीने तेच मोजायचं: आडवं बीपी, उभं बीपी, तेच ३ मीटर, तीच खुर्ची. खुर्ची बदलली तर सेकंदांची तुलना फुकट जाते.

तिसऱ्या आठवड्यात भांडण होतं. झालं नाही, तर काळजी करावी, कारण मग सगळे एकमेकांशी हात राखून वागत असतात. ठरलेलं कारण म्हणजे एकाने पेशंटला सांगितलेलं दुसऱ्याने पेशंटसमोरच खोडणं. फिजिओवाली म्हणते रोज चाला, मेडिकलवाला म्हणतो सध्या आराम करा, आणि घरातली माणसं ज्याचं सोयीचं त्याचं ऐकतात. पेशंटसमोर मतभेद काढायचा नाही, बाहेर येऊन बोलायचं, हा नियम बरा. पण त्याला एक अपवाद ठळकपणे सांगून ठेवावा लागतो. धोका दिसत असेल तर तिथेच बोलायचं. टीमस्टेप्स या २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या प्रशिक्षणात त्यासाठी तीन पायऱ्या आहेत: मला काळजी वाटतेय, मला हे ठीक वाटत नाही, हे सुरक्षित नाही. मराठीत तिसरी पायरी ‘थांब जरा’ इतकी छोटी ठेवली तरी चालते, फक्त ती ऐकून समोरचा खरोखर थांबला पाहिजे. हे आधी सरावात म्हणून घ्यावं. ऐन वेळी ज्युनियरच्या तोंडून शब्द फुटत नाही.

दुसरं कारण याहून किरकोळ असतं: गाडी. तिघांना तीन दिशांना जायचं असतं. आदल्या संध्याकाळी गाडीचा मार्ग कागदावर काढला नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याची भेट आधी होते. मार्ग काढताना फार्मसीवाल्याची भेट फिजिओच्या भेटीला जोडता येते हे लक्षात येतं, आणि जोडून गेल्यावर वरच्यासारखी साखळी सापडते. गाडी एकच असण्याचा असा फायदा पाहिल्यावर गाड्या दोन असाव्यात, असं आम्हाला वाटेनासं झालं आहे.

गोपनीयतेचा नियम शहरात शिकलेला असतो, तो गावात पुरत नाही. नाव न घेता ‘उतारावरच्या घरातल्या आजी’ म्हटलं, तरी अर्ध्या गावाला कळतं. गाडीत, दुकानात, बसथांब्यावर केस बोलायची नाही. घराचा, उंबरठ्याचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि ग्रुपवर टाकायचा नाही.

दुपारी रिकाम्या असतात. त्या वेळात भित्तीपत्रकं रंगवायची हौस येते. गावात ती आधीच बरीच असतात. त्यापेक्षा तिथल्या नर्सना विचारावं, काय तुंबलंय? बीपी-शुगरच्या रजिस्टरमधून महिनाभर न आलेल्यांची नावं काढणं, त्यांना फोन करणं, न येण्याचं कारण लिहिणं. कुणाला बसची वेळ जमत नाही, कुणाला गोळीने चक्कर येते, कुणी बरं वाटलं म्हणून सोडलं. दोघांनी मिळून हे केलं की पुढच्या आठवड्याच्या गृहभेटी आपोआप ठरतात.

मार्गदर्शकांचा तिढा वेगळा. सहा शाखांचे सहा मार्गदर्शक गावात कधीच नसतात. दुसऱ्या शाखेचा अनुभवी माणूस टीम कशी चालते हे बघू शकतो, पण टाके घालणं किंवा डोस ठरवणं यावर सही त्याच शाखेच्या माणसाची लागते. आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास, तोही ठरलेल्या वेळी. ‘अडचण आली की फोन करा’ असं सांगितलं तर फोन येत नाही. गुण फक्त वैयक्तिक असतील, तर सहाव्या आठवड्यात प्रत्येकजण आपली माहिती जपून ठेवायला लागतो. म्हणून निदान एक केस सगळ्यांनी मिळून मांडायची, आणि मांडताना प्रत्येकाने दुसऱ्याच्या शाखेचा भाग सांगायचा. मेडिकलवाला उंबरठ्याबद्दल बोलतो, ऑक्युपेशनल थेरपीची मुलगी ॲम्लोडिपिनबद्दल. अडखळतात, पण कुणी कुणाकडून काय घेतलं ते स्वच्छ दिसतं.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेला व्यायामाचा गट विद्यार्थ्यांबरोबरच संपतो. चालू ठेवायचा असेल तर चौथ्या आठवड्यातच तो गावातल्या कुणाच्या तरी हाती द्यावा आणि पुढे आपण मागच्या रांगेत उभं राहावं. प्रत्येक पेशंटच्या पानावर आपलं नाव खोडून केंद्रातल्या ज्या माणसाने ते काम घेतलंय त्याचं लिहायचं, त्याच्यासमोर बसून. टेबलावर पानं ठेवून निघालं तर ती तिथेच पिवळी पडतात. पेशंटला निरोप देताना पुढच्या भेटीची तारीख आणि येणाऱ्याचं नाव सांगायचं. पिशवी मोजून परत करायची: दोन्ही कफ, मोजपट्टी, टॉर्चचे सेल. वाकून राहिलेला मोनोफिलामेंट टाकून नवा ठेवायचा, आणि शुगरच्या पट्ट्यांच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिली आहे ना, ते बघायचं.